काय जेवलास?

गेल्या जुलैत आटपाडीहून बहिणीचा फोन आला. भाचीला साताऱ्याच्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. बारावीच्या पुढे शिकायला जाणारी त्या घरातली ती पहिलीच मुलगी. फीचा प्रश्न शिष्यवृत्तीने सुटला होता आणि वसतिगृहात जागाही मिळाली होती. मी अभिनंदन केले, दाखल्यांची चौकशी केली, बँकेचे खाते आधारशी जोडले आहे ना, हेही विचारले. बहीण सगळ्याला 'हो, हो' म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, "दादा, ते समदं झालं. पन तिथं वळखीचं कोन हाय का?"

माणदेशातून मूल बाहेर शिकायला निघाले की हा प्रश्न विचारला जातोच. माझ्या वेळीही विचारला गेला होता. शहरात वाढलेल्या मित्रांना तो वशिल्याचा प्रश्न वाटतो. विचारणाऱ्याच्या मनात मात्र वशिला नसतो. पोर आजारी पडले तर कोणाला कळेल, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांचे उत्पन्न, जात, अधिवास, गुण, खाते क्रमांक असे सगळे रकाने असतात. हा एक रकाना त्यात कधीच नव्हता, आणि तो कोणत्या कार्यालयाने भरायचा हेही ठरलेले नाही. त्या रकान्याविषयी थोडे लिहावे असे बहिणीच्या फोनपासून मनात आहे. त्यात माझा स्वतःचा एक हिशेबही चुकता व्हायचा राहिला आहे.

मी सांगलीला शिकायला गेलो ते १९९४ साली. आमचे गाव माण तालुक्यात आणि घर मेंढपाळांचे. दहिवडीहून मायणी, विटा, तासगाव असे करत एसटीने सांगलीला पोहोचलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि दाखल्यांची पिशवी होती. वडील सोबत आले होते. त्यांनी महाविद्यालयाची दगडी इमारत खालून वर पाहिली, मला वसतिगृहाच्या दाराशी सोडले आणि संध्याकाळच्याच गाडीने परत गेले. मुक्काम करायचा तर लॉजचे पैसे पडले असते.

शिकवणीची फी माफ होती. पण माफ झालेल्या फीच्या अवतीभवती न माफ होणाऱ्या बऱ्याच गोष्टी असतात हे पहिल्या आठवड्यातच कळले. ग्रंथालयाचे डिपॉझिट, प्रयोगशाळेचे डिपॉझिट, मेसचा आगाऊ भरणा, ड्रॉइंगचा बोर्ड, ड्राफ्टर, पांढरा एप्रन. निर्वाहभत्ता मंजूर होता, परंतु तो हातात पडायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो ही माहिती कोठेही लिहिलेली नव्हती. दिवाळीनंतर आमच्याकडची माणसे मेंढरे घेऊन बागायती पट्ट्याकडे उतरतात आणि पाऊस पडेपर्यंत रानोरान वाडा हलवत फिरतात. आज ज्याच्या रानात मेंढरे बसली तो त्या खतापोटी धान्य देतो, आणि आठ दिवसांनी वाडा दुसऱ्याच गावच्या शिवारात असतो. अशा घराला मुलाने पैशासाठी पत्र लिहायचे ते कोणत्या पत्त्यावर? वर्गातली मुले 'घरून मनीऑर्डर आली' असे म्हणत तेव्हा मला आधी नवल वाटे ते घर एका जागी असण्याचे.

मेसचा आगाऊ भरणा मी केलाच नाही. सकाळी चहा आणि पाव, दुपारी काही नाही, रात्री स्टँडजवळच्या गाड्यावर भडंग. सांगलीचे भडंग प्रसिद्ध आहे. ते नुसते खाऊन किती दिवस निघतात याचा अनुभव मात्र फार जणांना नसावा.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री खोलीवर निरोप आला की वरच्या मजल्यावर तुला बोलावले आहे. त्या काळात या निरोपाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. रॅगिंगविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्याआधी 'सीनिअर' या शब्दाला जो वास होता तो त्या काळी वसतिगृहात राहिलेल्यांना सांगायला नको. मी शर्टाची वरची गुंडी लावून (तसा अलिखित नियम होता) खाली मान घालून वर गेलो. खोलीत तिसऱ्या वर्षाचा एक उंच, काळासावळा मुलगा लुंगी लावून ड्रॉइंगच्या शीटवर ओणवा झालेला होता. त्याला सगळे अण्णा म्हणत. त्याने वरही न पाहता विचारले, "जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

मला उत्तर देता आले नाही. खोटे बोलायचे तर भाजीचे नाव हवे, आणि मेसमध्ये त्या दिवशी कोणती भाजी होती हे मला माहीत नव्हते. अण्णाने पेन्सिल खाली ठेवली आणि खाटेखालचा पितळी डबा ओढून पुढे सरकवला.

या डब्याविषयी थोडे सांगायला हवे. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागात शिकायला राहिलेल्या मुलांसाठी गावाकडून एसटीने डबे येत. पहाटे उठून आई भाकऱ्या करी, डबा फडक्यात बांधून गाडीवर दिला जाई, आणि स्टँडवर उतरवलेल्या डब्यांच्या रांगेतून आपापला डबा ओळखून पोरे घेऊन जात. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. अण्णा तासगाव तालुक्यातला. त्याचा डबा रोज येई. डब्यावर नाव रंगवलेले होते आणि फडके नेहमी एकाच लुगड्याचे असे. "आमच्या आईला भाकऱ्या जास्त टाकायची खोड हाय," तो म्हणाला, "वाया जातंय. उद्यापास्नं तू येत जा." मी जात राहिलो. मार्चमध्ये शिष्यवृत्ती हाती येईपर्यंत, सुट्ट्या सोडल्या तर, मी त्या डब्यावर जगलो. दोन वर्षांनी अण्णाच्या गावी जाण्याचा प्रसंग आला तेव्हा त्याच्या आईने मला दारातच न्याहाळले आणि म्हणाली, "तूच व्हय रं तो दुसरा डबा?" अण्णाने पहिल्याच रात्री रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालून पाठवली होती: उद्यापासून दोघांचे.

डब्याच्या जोडीने बाकीचेही मिळत गेले. उत्पन्नाच्या दाखल्याच्या एकदम पाच ट्रू कॉपी करून ठेव आणि सही शहाण्या माणसाची घे. बुक बँकेत पहिल्या दिवशी रांगेत उभा राहा, दुसऱ्या दिवशी फक्त फाटकी पुस्तके उरतात. ड्राफ्टर विकत घेऊ नकोस, माझा घे. जर्नल शेवटच्या आठवड्यात सर्टिफाय करायला जाऊ नकोस, सर तोंड पाहत नाहीत. इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसशील तर चार वर्षे येणार नाही. तोंडी परीक्षेत उत्तर आले नाही तर गप्प बसू नये, 'सर, एवढे माहीत आहे' असे म्हणून माहीत असेल तेवढे सांगावे. हे वाक्य त्याने माझ्याकडून इंग्रजीत वीस वेळा घोकून घेतले. यातले काहीही महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत नव्हते. पुस्तिका लिहिणाऱ्यांना ते कधी लागलेच नसावे.

पुढे नोकरीनिमित्ताने साताऱ्याला जाणे-येणे सुरू झाले आणि कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी थोडे बारकाईने वाचले, तेव्हा लक्षात आले की अण्णाच्या खोलीत जे घडले ती निव्वळ एका भल्या मुलाची लहर नव्हती. या दोन जिल्ह्यांत ही रीत मुद्दाम रुजवलेली होती. आमच्यापर्यंत आली तेव्हा तिचे नाव तेवढे गळून पडले होते.

भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण कोल्हापूरच्या वसतिगृहात झाले. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून एकेका समाजाला वसतिगृहे काढायला उत्तेजन दिले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळे. भाऊराव जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांना आंघोळ करायला सांगण्यात आले. त्यांनी ती करण्यास नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे १९१० च्या सुमारास आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावला त्यांनी सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. त्याच वर्षी साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. धनिणीच्या बागेतले हे बोर्डिंग चालवताना लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या धान्यासाठी दिले. या त्यागाच्या कथा आपण शाळेत ऐकलेल्या असतात. ऐकून ऐकून त्यांची धार बोथट झालेली असते, आणि बोर्डिंग रोजच्या रोज चालत कसे होते हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो.

ते चालत होते मुलांच्या हातांनी. स्वयंपाक, दळण, पाणी, झाडलोट, शेतीची कामे मुलेच करीत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' ही गोष्ट महाविद्यालयापर्यंत आली. मुलांनी खडी फोडली, विहिरी खणल्या, स्वतःच्या वसतिगृहांच्या भिंती उभारल्या. या योजनेकडे आपण श्रमप्रतिष्ठेचा धडा म्हणून पाहतो, आणि ते खरेच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या घरात मुलेच भाकरी भाजतात, तिथे आज कोण जेवले नाही हे भाकरी भाजणाऱ्याला कळते. नवा आलेला मुलगा पहिल्या दिवशी कोणाच्या तरी शेजारी पिठात हात घालतो. तो शेजारी वर्षभर आधी आलेला असतो. पीठ किती मळायचे हे दाखवता दाखवता गणिताचे मास्तर कसे आहेत हेही तो सांगून जातो. यासाठी वेगळी योजना लागत नाही, कारण कामच तसे वाटलेले असते. बोर्डिंगातच वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे इंग्लंडला शिकून आले, संस्थेतच शिकवू लागले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. घेणारा पुढे देणारा होतो याचे हे सर्वांत ठळक उदाहरण. बिनठळक उदाहरणे हजारोंनी असतील.

शिष्यवृत्ती ही याहून निराळी गोष्ट आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्राची योजना १९४४ पासूनची. साताऱ्याच्याच पाटण तालुक्यातले बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची ई.बी.सी. सवलत आली आणि शेतकऱ्यांची एक पूर्ण पिढी तिच्यावर शिकली. शिष्यवृत्ती हा हक्क आहे. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, कोणाच्या दारी वार लावून जेवावे लागत नाही. वारावर जेवून शिकलेल्यांनी जे अपमान गिळले ते वाचल्यावर या कोरड्या, कागदी हक्काची किंमत कळते. म्हणून शिष्यवृत्तीपेक्षा बोर्डिंग बरे असा जुन्या काळाचा गोडवा मला गायचा नाही. माझे म्हणणे इतकेच, की बोर्डिंगात पैसा आणि माणूस एकाच दारातून येत होते. शिष्यवृत्तीत पैसा वेगळा झाला, आणि माणसाची वेगळी सोय करायला हवी होती ती आपण केली नाही.

याची किंमत काय असते ते मी एकदाच जवळून पाहिले आहे, आणि त्यात मी निर्दोष नाही.

१९९६ साली मी तिसऱ्या वर्षाला होतो. अण्णा पास होऊन नोकरीला लागला होता आणि वरच्या मजल्यावरची ती खोली आता माझी होती. त्या वर्षी जत तालुक्यातल्या सीमेलगतच्या एका गावाहून एक मुलगा पहिल्या वर्षाला आला. तिकडे घरातली भाषा कन्नड. त्याचे मराठीही अडखळत चाले, मग इंग्रजीचे विचारायलाच नको. मी स्वतःहून त्याला बोलावून घेतले. अण्णाने मला सांगितलेले सारे मी त्याला सांगितले. सांगितले कसले, दोन फुलस्केप कागदांवर क्रमवार लिहून दिले. दाखले, बुक बँक, जर्नल, तोंडी परीक्षा. अण्णाचा ड्राफ्टर त्याला दिला. माझ्या वह्या दिल्या. मी अण्णापेक्षा अधिक पद्धतशीर आहे याचे मला मनातून समाधानही होते.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. माझे सबमिशन चालले होते. तो म्हणाला, "दादा, स्कॉलरशिप कधी येतंय?"

मी म्हणालो, "मार्चमध्ये. काळजी करू नकोस, येतेच."

तो "बरं" म्हणाला, जरा वेळ उभा राहिला आणि गेला.

माहिती अगदी बरोबर होती. शिष्यवृत्ती फेब्रुवारीच्या शेवटी आली. नोटीस बोर्डावर टाइप केलेली यादी लागली आणि तिच्यात त्याचे नाव होते. सही करून पैसे घ्यायला तो नव्हता. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नव्हता. जाताना त्याने ड्राफ्टर वर्तमानपत्रात नीट गुंडाळून माझ्या खोलीतल्या मुलाजवळ ठेवला होता. वह्याही होत्या, आणि माझे ते दोन फुलस्केप कागद. मेसची तीन महिन्यांची बाकी झाली होती आणि त्याचे जेवण बंद होते, हे मला जानेवारीत दुसऱ्याच कोणाकडून कळले. मी त्याच्या गावच्या पत्त्यावर पत्र लिहिले. उत्तर आले नाही. स्वतः जाऊन यायला हवे होते. जत काही दूर नाही. पण परीक्षा होती, मग सुट्टी होती, मग चौथे वर्ष होते.

त्याने विचारलेला प्रश्न तारखेचा नव्हता हे समजायला मला इतका वेळ का लागावा? दोनच वर्षांपूर्वी त्याच दारात मी उभा होतो. मला वाटते, याचे उत्तर अगदी साधे आहे. माणूस भूक फार लवकर विसरतो. तिसऱ्या वर्षी माझी शिष्यवृत्ती सुरळीत झाली होती, एका शिकवणीचे पैसे येत होते, मेसच्या भाजीला मी आता नावे ठेवू लागलो होतो. अण्णाने दिलेल्या गोष्टींतली माहिती मी जपून ठेवली आणि माहिती देण्याआधीचा त्याचा प्रश्न विसरलो. 'जेवलास का' याला 'हो' म्हणणे कोणालाही जमते. म्हणून तर त्याने पुढचा प्रश्न विचारला होता.

आता काळ बदलला आहे. शिष्यवृत्त्यांचे अर्ज २०१७-१८ पासून महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१ च्या नव्या सूचनांनंतर थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मधल्या हातांना काही चिकटण्याची सोय कमी झाली, हे चांगलेच झाले. पण मधले हातच गेले. अर्जात त्रुटी निघाली तर पडद्यावर एक ओळ दिसते, आणि त्या ओळीचा अर्थ सांगायला सायबर कॅफेवाला पैसे घेतो. मागच्या वर्षी हीच त्रुटी दुरुस्त केलेली मुलगी कदाचित त्याच वसतिगृहात दोन खोल्या सोडून राहत असते. दोघींची गाठ पडावी अशी व्यवस्था कोणी केलेली नसते.

व्यवस्था अजिबात नाही असेही नाही. 'नॅक'च्या मूल्यांकनात मेंटॉर आणि मेंटी यांचे प्रमाण विचारले जाते. म्हणून महाविद्यालये दर वीस-पंचवीस मुलांमागे एक प्राध्यापक नेमून नोंदवह्या ठेवतात. मध्यंतरी अशी एक नोंदवही पाहायला मिळाली. 'विद्यार्थ्याच्या अडचणी' या रकान्यात पानेच्या पाने एकच शब्द होता: 'नाही'. खाली दोघांच्या सह्या. यात प्राध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या हातात आपले अंतर्गत गुण आहेत त्याला उपाशी आहे असे कोण सांगेल? जे शिक्षकाला सांगता येत नाही ते वर्षभर पुढे असलेल्याला सांगता येते. बहुधा सांगावेही लागत नाही.

मोठ्या माणसांच्या चरित्रांतही हे सापडते, फक्त आपण तिथे थांबत नाही. डॉ. आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तेरा वर्षांनी तेच विद्यार्थी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. सयाजीरावांची ही शिष्यवृत्ती आपल्याला पाठ असते. पहिल्या वसतिगृहातले जेवण न मानवल्याने त्यांनी ते सोडले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले, हा तपशील मात्र एका ओळीत उरकला जातो. ही मैत्री जन्मभर टिकली. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला १९२० मध्ये निघताना त्यांनी याच मित्राकडून कर्ज घेतले. मुळात ते खोलीतले सोबती होते. सल्लागार म्हणून कोणी कोणाला नेमलेले नव्हते.

त्याच न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली डेबोरा बियल या बाईंनी 'पोसी' नावाची संस्था काढली. तिची कल्पना एका विद्यार्थ्याच्या बोलण्यातून आली: माझी टोळी माझ्यासोबत असती तर मी शिक्षण सोडलेच नसते. तेव्हापासून ही संस्था साधारण दहा-दहा मुलांचा गट निवडते, जाण्यापूर्वी काही महिने त्यांना एकत्र बसवते आणि गटच्या गट एकाच महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर पाठवते. हे वाचले तेव्हा मला धनिणीची बाग आठवली. साताऱ्यात जे पंगतीला बसवून झाले होते, ते तिकडे अभ्यासपूर्वक, पैसा उभा करून केले जात आहे. आपल्याकडे तर त्यासाठी निराळा पैसाही फारसा लागणार नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामागे, तीच शिष्यवृत्ती घेणारा दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा किंवा मुलगी. एवढेच.

मात्र यात माझ्या अनुभवातून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. अशा कामासाठी निवड करताना बहुधा पहिल्या क्रमांकाची, चुणचुणीत मुले घेतली जातात. निवडायचेच असेल तर ज्याची पहिल्या वर्षाची भूक अजून ताजी आहे त्याला निवडावे. तिसऱ्या वर्षाचा हुशार मुलगा चांगले कागद लिहून देतो. दुसऱ्या वर्षाचा, एक विषय राहिलेला मुलगा कदाचित डबा पुढे सरकवतो.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे. साताऱ्यात माझ्या ओळखीचे दोन प्राध्यापक आहेत. पहिल्यांदा त्यांनाच फोन करावा असे वाटले होते. तो केला नाही. चार ठिकाणी विचारत विचारत खटाव तालुक्यातली, त्याच वसतिगृहात राहणारी, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शोधून काढली. फोनवर ती आधी बुजली, मग म्हणाली, "काका, माझा स्वतःचा एम-टू राहिलाय, मी काय सांगणार तिला?" मी म्हटले, तू फक्त पहिले पंधरा दिवस तिला बरोबर घेऊन जेवायला जात जा.

ऑगस्टमध्ये एका रविवारी भाचीचा फोन आला. वर्ग, लेक्चर, पाऊस, अजिंक्यताऱ्यावर उतरलेले धुके, असे बरेच बोलून झाले. ताई चांगली आहे म्हणाली. फोन ठेवता ठेवता मी सवयीने विचारले, "जेवलीस का?"

"हो मामा."

मी क्षणभर थांबलो.

"काय जेवलीस?"

"मेसमध्ये आज मटकीची उसळ होती," ती हसून म्हणाली. "पन ताईच्या घरनं भाकरी आन् ठेचा आला होता, तो खाल्ला."